वाटेवरची कामं

"अहो, उठताय का आता? की पलंगालाच बाइंडिंग करून घेतलंय स्वतःला?"

खिडकीचे पडदे उतरवता उतरवता कारभारणीने विचारलं. गल्लीत तिला सगळे कारभारीण म्हणत आणि तिच्या नवऱ्याला बाइंडर. त्याने जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांना पुठ्ठे चढवले आणि घरी येऊन स्वतःच्या तोंडाला चढवला. ती बोलणार, हा मान हलवणार. असा संसार फार छान चालतो, निदान चालवणारीला तरी तसं वाटतं.

"छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय गं," बाइंडर म्हणाला.

"कोण बसणार? मी तर इथे उभी आहे."

"डावा हात जड झालाय. पार जबड्यापर्यंत कळ येतेय."

"गॅस आहे तो. रात्री ताटावरून उठलात ते थेट अंथरुणात. आता फिरतोय अंगभर."

तिने गरम पाणी दिलं. ते प्यायल्यावर ढेकर काही येईना, घाम मात्र आला. पंखा गरगर फिरतोय, खिडक्या सताड उघड्या, आणि ह्याचं बनियन पिळून वाळत घालावं इतकं ओलं. "फिरा जरा, मोकळं वाटेल," म्हणून तिने त्याला उठवलं. पलंगापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून दारापर्यंत त्याने एक फेरी कशीबशी मारली आणि उंबऱ्यातच बसला.

तेवढ्यात समोरची शेजारीण पेपर मागायला आली आणि पेपर विसरली.

"अगंबाई! भाऊजींचा चेहरा बघा, राखेसारखा झालाय! वहिनी, ह्यांना आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्या. माझ्या भावाला अस्सच झालं होतं. आम्हीपण गॅसच म्हणत होतो."

"मग?"

"मग काय? भिंतीवर आहे तो आता."

कारभारीण घाबरली. पण भीती वाटली की दुसऱ्या बायकांना रडू फुटतं, हिला कामं आठवतात. आणि हॉस्पिटल बाजाराच्या पलीकडे. बाजारातून जायचं आणि एकच काम करून यायचं, हे तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. टॅक्सी दारात येईपर्यंत तिने पडद्यांचं गाठोडं बांधलं, शिट्टी न होणारा कुकर बगलेत मारला आणि नवऱ्याच्या पायांकडे बघून म्हणाली, "ह्या बुटाचा तळ लोंबतोय. मोठ्या डॉक्टरांसमोर हा घालून जाणार?"

"मावशी, कुठे जायचं?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

"हॉस्पिटल. वाटेत शिंप्याकडे एक मिनिट."

टॅक्सीवाल्याने आरशातून मागे पाहिलं. "काकांचं लक्षण ठीक दिसत नाही."

"तू पुढे बघ रे बाबा. मागचं बघायला मी आहे."

शिंप्याकडचं एक मिनिट म्हणजे काय असतं, ते ज्याने पडदे शिवून घेतलेत त्याला विचारा. मागच्या वेळी झालर तोकडी पडली होती, त्याचा हिशेब बाकी होता. तो चुकता करून ती परतली तेव्हा बाइंडर छातीवर मूठ दाबून बसला होता.

"मळमळतंय गं. सरळ जाऊ या ना."

"सरळच चाललोय. मोची रस्त्यातच आहे."

मोच्याने बूट हातात घेतला, उलटा केला, मान हलवली आणि सांगितलं, "संध्याकाळी मिळेल." आता बाइंडरच्या एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा. मोच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ती टॅक्सीत बसली. तिचा हात नवऱ्याच्या हाताला लागला. हात बर्फासारखा गार होता.

"लवकर घे रे," ती टॅक्सीवाल्याला म्हणाली. आणि पुढच्याच वळणावर, "थांब थांब! कुकरवाला उघडा आहे. नुसता टाकून येते."

कुकरवाल्याने झाकण डोळ्यांजवळ नेलं. "काकू, झडप पार गच्च झालीय. कधीपासून असं होतंय?"

"बरेच दिवस. म्हटलं, होईल आपोआप."

"असं कुठे आपोआप होतं? लगेच आणायचा ना! आतल्या आत वाफ कोंडतेय. एक दिवस छपराला भोक पडेल."

कारभारणीला काय वाटलं कोण जाणे, कुकर तसाच उचलून ती रस्त्याकडे धावली. रस्त्यावर टॅक्सी नव्हती.

"अहो धावा! टॅक्सीवाल्याने माझा नवरा नेला!"

चार माणसं जमली. "काय नेलं? टॅक्सी चोरली?"

"टॅक्सी त्याचीच होती! नवरा माझा होता!"

"अंगावर काही मौल्यवान होतं का?"

"एक बूट!"

शेवटी कुकरवाल्यानेच दुकान उघडं टाकून स्कूटर काढली. कुकर पोटाशी धरून ती मागे बसली आणि वाटभर टॅक्सीवाल्याला अशा शिव्या घालत राहिली की सिग्नलला शेजारच्या गाड्यांनी काचा वर केल्या. शिव्या संपल्यावर ती पुटपुटत होती, "जिवंत असू दे. नुसता असू दे."

टॅक्सी हॉस्पिटलच्या फाटकातच उभी होती. कारभारणीने कुकर उगारला.

"मावशी, मला मग मारा! काकांना आत घेतलंय."

आतल्या बाकावर ती बसली, उठली, बसली, उठली. दारावरच्या माणसाने दोनदा हटकलं. बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"हृदयाची नस बंद झाली होती, उघडली आम्ही. आता धोका टळलाय. पण अजून उशीर झाला असता तर..." त्यांनी हातातला कागद उलटला. "दुखणं कधी सुरू झालं?"

"सकाळी उठल्या उठल्या."

"मग काय केलंत?"

"गरम पाणी दिलं."

"आणि मग?"

"पडदे टाकले."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुन्हा लावला. "आजी, छाती दाबल्यासारखी होते, कळ हातात नाहीतर जबड्यात जाते, थंड घाम फुटतो, मळमळतं. सगळं एकदम होतंच असं नाही. ह्यातलं काही झालं की गॅस आहे की काय ते घरी ठरवायचं नाही, ते आम्ही ठरवू. सरळ ॲम्ब्युलन्स बोलवायची. ती वाटेत कुठे थांबत नाही."

आजवर कुणी इतकं ऐकवलं असतं तर त्याची धडगत नव्हती. कारभारीण खाली मान घालून टॅक्सीवाल्याकडे गेली. पण गप्प बसेल ती कसली?

"देवासारखा आलास बाबा. पण मला एक हाक मारली असतीस तर काय जीभ झिजली असती?"

"मी मारतच होतो, मावशी! काकांनीच मागून खांदा धरला. म्हणाले, चल. मी म्हटलं, आणि मावशी? तर म्हणाले, ती आली की चौथं काम निघेल. तू चल."

कारभारणीला संध्याकाळी आत सोडलं. बाइंडर पलंगावर पडला होता, अंगभर वायरी. तिने आधी चादर सरळ केली, मग उशी, मग पुन्हा चादर.

"मला न विचारता निघालात?"

सवयीने त्याची मान हलणार होती. पण मध्येच थांबली. "हो," तो म्हणाला.

ती खिडकीबाहेर बघत काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. बरं केलंत म्हटलं. आता गप्प पडा, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय."

पण बाइंडर काही गप्प पडला नाही.

"परत म्हण," तो म्हणाला.

तिने दाराकडे पाहिलं. नर्स लांब आहे याची खात्री करून घेतली, आणि परत म्हटलं.