खोली रिकामी दिसण्याबाबत

जावयाने सासूच्या निजायच्या खोलीत व्हीलचेअर, वॉकर आणि कुबड्यांचा ढीग रचून ठेवावा, हे कोणत्याही घरंदाज कुटुंबात शोभणारे वर्तन नव्हते. मोठ्याबाईंनी तसे लेकीला ऐकवलेही.

"माझ्याच पलंगावर चढायला मला वाट काढावी लागते. पहाटे एका वॉकरला धरून उठले, तर त्याच्यामागून दुसरा चालत आला."

"आई, थोडे दिवस कळ काढ गं. पुढची खोली रिकामी दिसायला हवी, असं ह्यांचं म्हणणं आहे."

ही पुढची खोली म्हणजेच संस्था. यजमान गेल्यावर मागे उरलेली व्हीलचेअर मोठ्याबाईंनी शेजाऱ्याला वापरायला दिली, त्यातून आजाऱ्यांचे सामान फुकट वापरायला देण्याचा हा पसारा वाढला. न्यायचे, बरे व्हायचे, पुसून परत आणायचे. कारभार मोठ्याबाईंच्या जिभेवर चाले, आणि त्या जिभेच्या धाकाने आजवर एकही कुबडी बुडाली नव्हती.

अडले ते कॉटवर. गल्लीतल्या शिंप्याला आडवे झाले की धाप लागे. त्याला डोक्याकडून वर होणारी कॉट हवी होती आणि संस्थेकडे नेमकी तीच नव्हती. बिचारा शिवणयंत्रावर डोके टेकून झोपे. त्याची बायको रोज दारात येऊन विचारी, "आली का हो?"

"सासूबाई, हल्ली देणगी मोबाईलवर येते," जावईबापू म्हणाले. "एक व्हिडिओ टाकू, की कॉट आलीच समजा." जावईबापूंनी या विषयाचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले असल्याने त्यांना शंका म्हणून उरलेली नव्हती.

पहिल्या व्हिडिओत नीट लावलेले सामान आणि खडखडीत बरी झालेली माणसे होती. तो जावईबापूंच्या आईखेरीज कोणी पाहिला नाही. "माणसं बरी होऊन जातात, हीच आपली मोठी अडचण आहे," त्यांनी निदान केले. "गरज दिसायला हवी."

गरज दिसण्यासाठी खोली रिकामी हवी, म्हणून सामान निजायच्या खोलीत गेले. सामान आत गेल्यामुळे मागायला येणाऱ्यांना काही देता येईना. ते हात हलवत परत जाऊ लागले, आणि जावईबापूंनी त्यांचे पाठमोरे चित्रण केले. ते तुफान गाजले. तेव्हापासून लोकांना परत पाठवणे हेच संस्थेचे मुख्य कार्य ठरले आणि ते पूर्वीच्या कोणत्याही कार्यापेक्षा नियमितपणे पार पडू लागले. मोठ्याबाई शिंप्यासाठी म्हणून गप्प होत्या. मात्र मागच्या दाराने, पदराखाली लपवून, स्वतःच्याच संस्थेतल्या कुबड्या त्या लोकांना पोचवू लागल्या.

मग शिंप्याची पाळी आली. तो स्वतः शिवलेला कोट घालून, मिशा विंचरून हजर झाला.

"काका, केस जरा विस्कटा," जावईबापू म्हणाले.

"का बरं?"

"तुमचा त्रास लोकांना दिसला पाहिजे."

"त्रास मला होतो. केसांना नाही."

शेवटी त्याच्या अंगावर कुणाचा तरी उसवलेला सदरा चढवण्यात आला. शिंपी शरमेने अर्धा झाला. चित्रण सुरू होताच तो ओरडला, "हा मी शिवलेला नाही हो!" आणि त्या ओरडण्याने त्याला जी धाप लागली, तीच जगभर फिरली. हृदये आली, रडके चेहरे आले. एका बाईंनी तर लिहिले, की हे पाहून आपण जेवलो नाही. दुसरीने तिला जेवून घेण्याची कळकळीची विनंती केली. त्या दोघींची पुढे चांगली मैत्री झाली.

"कॉट?" मोठ्याबाईंनी विचारले.

"येईल ना. आधी पोहोच वाढते, मग सहभाग वाढतो, मग लोकांचा विश्वास वाढतो."

"तोवर त्याचा श्वास पुरायला हवा."

अशात एका सकाळी दारात गल्लीच्या टोकाचा लॉजवाला उभा राहिला. "बाई, तुमच्या व्हिडिओखाली लिहून लिहून बोटं दुखली माझी. तशी कॉट माझ्याकडे धूळ खात पडलीय, घेऊन जा म्हणतोय. तुमच्याकडून नुसते नमस्काराचे हात येतात!"

मोठ्याबाईंनी जावयाकडे पाहिले. "हे खरं का?"

"खरं आहे. त्यांचं लिहिणं मी सगळ्यात वर लावून ठेवलंय. लोक फार भावुक होतात ते वाचून."

"मग कॉट का आणली नाहीत?"

"सासूबाई, समजून घ्या. कॉट आली की गरज संपते. गरज संपली की मोहीम बंद. ऐन बहरात कशी बंद करायची? शिवाय वस्तू स्वीकारायचं आपल्याकडे बटणच नाही."

मोठ्याबाईंनी पदर खोचला आणि शिंपिणीला हाक मारली.

लोखंडी कॉट लॉजमधून निघाली. लॉजवाला, शिंपीण आणि मोठ्याबाईंनी एकेक कोपरा उचलला. जावईबापू पुढे उलटे चालत, मोबाईलवर सगळे थेट दाखवत होते. "थोडं डावीकडून या, उजेड छान पडलाय! सासूबाई, चेहऱ्यावर जरा कष्ट दिसू द्या!"

शिंप्याच्या घरी त्याला कॉटवर निजवले, दांडा फिरवून डोक्याकडची बाजू वर केली. कोट न काढताच तो घोरू लागला. बायको त्याच्या पायाशी मटकन बसली आणि डोळ्यांना पदर लावला.

"काका, उठा ना, आभाराचे दोन शब्द!" जावईबापू त्याच्या खांद्याला हात घालणार, तोच मोठ्याबाईंनी त्यांचे मनगट धरले. "बरं, मग तुम्ही बोला, सासूबाई. हजारो लोक बघतायत. हृदयांचा नुसता पाऊस पडतोय!"

मोठ्याबाई बोलल्या. शिंप्याची झोप मोडू नये म्हणून हळू बोलल्या.

"जावईबापू, कॉटला चार कोपरे असतात. तीन आम्ही धरले. चौथा सगळ्या रस्त्याने फरफटत आला, आणि तुम्ही सगळी मायाळू माणसं तो फरफटताना बघत होतात."