सत्कारात रिकामे झालेले संग्रहालय

एका जंगलात, मुलांनो, जिथे डरकाळीलाही आवक क्रमांक पडायचा, तिथे एक चिमुकले संग्रहालय होते. खवलेअण्णा त्याचे रखवालदार. जातीचे खवल्या मांजर. घाबरले की अंगाचा चेंडू करायचे, तेवढे सोडले तर प्राणी सज्जन.

संग्रहालयात काय होते? हत्तीच्या खापरपणजीचा सुळा. सुगरणीचे दुमजली घरटे. पहिल्या माकडाने चोखलेली आंब्याची कोय. अशा डझनभर वस्तू अण्णा रोज शेपटीने पुसायचे. बघायला मात्र चिटपाखरू येत नसे.

मग राजधानीतून फर्मान आले. दसऱ्यापर्यंत गर्दी दिसली नाही, तर तिथे तरसांचे विश्रामगृह होणार. अण्णांच्या जिवाचे पाणी पाणी झाले. सगळा जन्म त्याच छपराखाली गेला होता.

मदतनीस टिटवीबाई मात्र शांत होत्या. "अण्णा, वस्तू बघायला कोण कशाला येईल? सत्कार ठेवा. ज्याचा सत्कार, त्याचं गोत फुकट येतं."

ठेवला. पहिल्या दिवशी रानडुकराचा, नांगरणीची परंपरा टिकवल्याबद्दल. मागोमाग सत्तावीस डुकरे आली. दुसऱ्या दिवशी वटवाघळाचा, वेगळ्या दृष्टिकोनाबद्दल. शाल केळीच्या पानाची, नारळ माकडांकडचा. स्मृतिचिन्हाचे मात्र कुणालाच सुचले नव्हते. बाईंनी फळीवरची कोय उचलून दिली.

"बाई, ती एकच आहे हो," अण्णा पुटपुटले.

"सत्कारमूर्तीही एकच आहे."

रोज एक सत्कार, रोज एक वस्तू. गर्दी मांडवाबाहेर सांडू लागली. आत कुणी डोकावले नाही ते बरेच झाले. शेवटी सुळाही गेला, मुंगसाच्या बारा आत्यांनी ढकलत नेला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तपासनीस कोल्होबा न सांगता आले आणि थेट आत शिरले. फळ्या ओस. अण्णा सुळ्याचा रिकामा चौथरा पुसत होते. चाहूल लागताच त्यांचा तिथेच चेंडू झाला.

कोल्होबांनी चष्मा सावरला. "हे काय?"

"खवलेदार गोलक," टिटवीबाई म्हणाल्या. "अतिप्राचीन. एकच नग."

"पण हा श्वास घेतोय."

"जिवंत वारसा आहे, साहेब."

कोल्होबा खूश झाले. संग्रहालय कायम, गोलक जागचा हलवू नये, असा शेरा मारून ते निघाले. जाताना उद्याच्या सत्काराचा हारही घेऊन गेले.

आता लांबून लांबून प्राणी गोलक बघायला येतात. दार बंद झाले की टिटवीबाई हाक मारतात, "अण्णा, उलगडा." अण्णा उलगडतात, शेपटीने स्वतःलाच लख्ख पुसतात आणि मजेत चौथऱ्यावर परत चढतात.

तात्पर्य : वारसा टिकवायचा असेल, तर तो पाहुण्यांना वाटून टाकावा आणि रिकाम्या चौथऱ्यावर आपण बसावे.