दुसऱ्यांच्या गादीवर झोपणारे सत्तारभाई

नाव: अब्दुल सत्तार, सर्वत्र ओळख सत्तारभाई गादीवाले. मुक्काम रिसोड, वय साठीच्या किंचित अलीकडे. आरोप: गिऱ्हाइकाने करावयास दिलेल्या गादीवर गिऱ्हाइकाच्या आधी झोपणे. घटना वारंवार घडलेली. ताजी घटना गेल्या बाजाराच्या दिवशी, भर दुपारी. साक्षीदार: एक, शेवंताबाई, वांगी-मेथी पिकवून विकणाऱ्या, ज्यांची ती गादी होती, दोन, मी स्वतः पुंडलिक, तहसील कार्यालयाबाहेर लिंबाखाली बसून अर्ज लिहिणारा. माझे शिक्षण नववीपर्यंत असले, तरी माझ्या वाक्याला आजवर कोणत्याही साहेबाने हात लावलेला नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

सत्तारभाईंचे दुकान माझ्या बैठकीच्या समोरच आहे. कापूस पिंजून, खोळीत भरून, टाके घालून झाले की ते नव्या गादीवर आडवे होतात आणि तत्काळ घोरू लागतात. त्या दिवशी शेवंताबाई आल्या, तो गादीवर हे.

"चाचा, हे गादी माह्या पोरीच्या लग्नाची हाये. तुमाले कोनं सांगतलं हिच्यावर लोळाले?"

सत्तारभाई डोळे चोळत उठले. "पास झाली, ताई. पडल्या पडल्या डोळा लागला."

"तुमचा डोळा तं दगडावरबी लागते. मांगच्या खेपी माह्या वांग्याच्या पोत्याले टेकून घोरत होते."

"तेबी पास होतं."

ही झोप आळसापोटी नसून शर्यतीपोटी आहे, हे येथे स्पष्ट करणे माझे कर्तव्य ठरते. सहा दिवस चालणारी धावण्याची शर्यत असते. एका मैदानाभोवती रात्रंदिवस फेऱ्या मारायच्या. जो सर्वाधिक अंतर कापील तो पहिला. कधी खावे, कधी झोपावे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. घड्याळ मात्र कुणासाठी थांबत नाही. सत्तारभाई अशा शर्यतींत पूर्वी उतरलेले आहेत आणि यंदाही उतरण्याचा त्यांचा निर्धार आहे.

"हिसाब सोपा हाये, मुन्शीजी," ते मला सांगतात. "पयल्या दिवशी मानूस पायानं पळते, दुसऱ्या दिवशी पोटानं. मंग पुढं निसता झोपेच्या भरवशावर."

या हिशोबानुसार ते मिळेल तिथे तत्काळ झोपण्याचा आणि धावता धावता भाकर-चटणी खाण्याचा सराव करतात. पाय सुजतात म्हणून बूट मापापेक्षा मोठे घेतात. सुरुवातीला घाई करणारा पुढे खाटेवर दिसतो, या मताचे असल्याने ते इतके सावकाश पळतात की वाशीम रस्त्यावर एका शेळीने त्यांना मागे टाकलेले मी या डोळ्यांनी पाहिले आहे. त्याच वेळी एका जीपवाल्याने गाडी थांबवली. "चाचा, एस्टी चुकली का? बसा, पैसे नका देऊ."

सत्तारभाईंनी घास गिळला. "जाय तू. मले घाई हाये."

असा हा मनुष्य काल माझ्यासमोर येऊन गुमान बसला. आयोजकांनी यंदा नियम केला आहे: प्रत्येक धावणाऱ्याबरोबर एक सोबती हवा, जो खाणे देईल, पायाचे फोड पाहील, झोपेतून उठवील. सोबती नसल्यास प्रवेश नाही.

"लिहा, मुन्शीजी. एकट्याले पळू द्या म्हना."

"आजवर कसे चालले?"

"आजवर जैतून होती."

जैतूनभाभी म्हणजे त्यांची पत्नी. त्या आता हयात नाहीत. मैदानाच्या कडेला त्या स्टुलावर बसत, बटाटे उकडून मीठ लावून देत. "जागरनानं मी बडबडाले लागलो का ते ओळखे. पडाले लावे, अन् बरोबर उठवे."

मी विचारले, "पण सत्तारभाई, घर सोडून दुकानात कशाला झोपता?"

ते हसले. "डोळा कुठंबी लागते, मुन्शीजी. घरी उठवाले कोन हाये? दुकानात कोनी ना कोनी येते. शिव्या देते, पन उठवते."

मी लेखणी उचलली. 'एकट्यास परवानगी मिळावी' ही ओळ काही केल्या पुरी होईना. तो कागद बाजूला सारून मी दुसरा घेतला, सोबती म्हणून माझे नाव घातले आणि मोठ्याने वाचून दाखवले.

"तुमी?" सत्तारभाई म्हणाले. "सहा दिवस? स्टुलावर?"

"साहेबांची वाट पाहण्यात माझी हयात गेली आहे. स्टुलाचे भय मला घालू नका."

गादीच्या शिलाईत खोट काढायला आलेल्या शेवंताबाई मागे उभ्याच होत्या. "हे उठवनार? यायनं अर्ज वाचला का जागा मानूसबी झोपते." मग पदर खोचून म्हणाल्या, "बटाटे मी देतो."

सत्तारभाई उठून समोर दुकानात गेले. शेवंताबाईंच्या गादीचा एक टाका त्यांनी उगीचच पुन्हा घट्ट केला.

सबब आयोजक महोदयांस विनंती की, सोबती म्हणून माझे नाव मंजूर व्हावे, भाभी बसत त्या जागी एक स्टूल मिळावे, आणि उत्तर लवकर कळवण्याची कृपा व्हावी. उत्तर येईपर्यंत अर्जदार समोरच्या दुकानात एका नव्या गादीवर झोपलेला असून, चहा आला की त्यास उठवण्याचे काम मी आजपासून सुरू केले आहे.