गुळवणींच्या आठ रायफली

गेल्या महिन्यात एका मंगळवारी, सकाळी साडेदहा वाजता, न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला, माझ्या स्वयंपाकघरात बसून एका पोलीस अधिकारी बाईंनी मला विचारलं, "मिस्टर गुळवणी उदास असले, तर ते कोणाशी बोलतात?"

अरविंद गुळवणी माझे शेजारी. वय एकाहत्तर. मूळचे पुण्याचे, इथल्या ‘ते रापा’ नावाच्या उपनगरातल्या दूध कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त. त्यांच्याकडे आठ जुन्या लष्करी रायफली आहेत. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे ओढावा लागतो, त्या जातीच्या. शिवाय अकरा संगिनी.

परवान्याचं नूतनीकरण होतं. त्यासाठी पोलीस दोघांना भेटतात, एक घरचं माणूस, एक बाहेरचं. बाहेरचा मी. उत्तरं पटली नाहीत, तर आठही रायफली जाणार होत्या.

गुळवणी रायफली दाखवत नाहीत, ओळख करून देतात. "हे एकोणीसशे सोळाचे. दस्ता अक्रोडाचा. यांचा बोल्ट थंडीत जरा कुरकुरतो." मी एकदा "ही मस्त आहे" म्हणालो. "ही? अरे, तुझ्या पणजोबांच्या वयाचे आहेत ते!"

दर रविवारी दस्त्यांना जवसाचं तेल चोळतात, बोटाने. गोळी आजवर एकही झाडलेली नाही. आवाज सोसत नाही. दिवाळीत खिडक्या लावून घेतात.

नळी आणि बोल्ट यांच्यावर एकच नंबर असला, की रायफल अस्सल. त्यामुळे "नंबर जुळतात का?" हा त्यांचा लाडका प्रश्न. कोणाचं लग्न ठरलं, तरी आधी तोच.

एका वाढदिवसाला कोणीतरी केक कापायला संगीन मागितली. गुळवणी न जेवता घरी गेले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "त्यांना धार नाहीये रे. आणि असती तरी अंड्याचा केक?"

मागच्या नूतनीकरणाला घरचं माणूस म्हणून त्यांच्या पत्नीने, विमलताईंनी उत्तरं दिली होती. त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या. या वेळी ते नाव पामर्स्टन नॉर्थला राहणाऱ्या मुलीचं होतं.

विमलताई गेल्या त्याच्या आठव्या दिवशी गुळवणी माझ्याकडे आले होते. एका दस्त्याला तडा गेला होता, त्याबद्दल पाऊण तास बोलले. मी तीनदा घड्याळ पाहिलं होतं.

"माझ्याशी बोलतात," मी बाईंना सांगितलं.

"कशाबद्दल?"

"रायफलींबद्दल."

"उदास असताना?"

"तेव्हाही."

त्यांनी लिहून घेतलं. "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत ‘झकास’, असं म्हणाल्या आणि गेल्या.

संध्याकाळी गुळवणी कुंपणापाशी उभे होते. "काय विचारलं रे?"

मी प्रश्न सांगितला.

"मग? कोणाचं नाव घेतलंस?"

"माझं."

त्यांनी कुंपणाची एक सैल फळी दाबून बसवली.

"खोटं नाही ना बोलावं लागलं तुला?"

"नाही, काका."

"बरं."

तीन आठवड्यांनी परवाना आला. त्या शनिवारी गुळवणी आमच्याकडे आले. सव्वा तास बसले. विमलताई चहात साखर किती घालायच्या, ते त्यांना आठवेना. दीड चमचा, की दोन. रायफलींचा विषय निघाला नाही.