चौथ्या अंकाची चौकशी

अभिजात साहित्य माणसाला बळ देतं, असं मी लहानपणापासून ऐकत आलोय. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत तरी ते खरं आहे. पाचव्या मजल्यावरचे सत्तरीतले लोकही जिन्याने चढतात, कारण लिफ्टपाशी प्रधानकाका उभे असतात.

काका औषधांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले केमिस्ट. त्यांच्याकडे एका जुन्या संस्कृत नाटकाचं मराठी भाषांतर आहे, विटकरी कापडी बांधणीचं. ते आळीपाळीने प्रत्येक घरात देतात आणि डोसही सांगतात: "रोज दोन पानं, जेवणानंतर. उपाशीपोटी नको."

आठवड्याने लिफ्टपाशी चौकशी: "चौथा अंक झाला का?" पहिल्या तीन अंकांबद्दल ते कधीच विचारत नाहीत. लोक "झकास आहे, काका" म्हणून पुस्तक परत करतात. त्यात काय आहे, हे बिल्डिंगमध्ये कुणालाच ठाऊक नाही.

आमच्याकडे ते आलं तेव्हा मला बरं वाटलं. शाळेत असताना स्टेशनजवळच्या लायब्ररीतून असली पुस्तकं मी छातीशी धरून आणायचो. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. या वेळी नक्की वाचायचं, असं ठरवून मी ते टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवलं. तीन महिन्यांनी बायको म्हणाली, "आज तू बोल त्यांच्याशी. मी दोनदा छान आहे म्हटलंय."

खाली जाऊन मी सांगितलं, चौथा अंक झाला.

"मग वाचून दाखव ना," काका म्हणाले.

मी म्हटलं, तुमचंच पुस्तक, तुम्हीच वाचा की.

त्यांनी चष्मा काढला, पुसला. डोळ्यांना कडेकडेचं दिसायचं, अक्षर नाही. त्याला तीन वर्षं झाली होती. काकू रोज संध्याकाळी वाचून दाखवायच्या. तिसरा अंक संपला त्या आठवड्यात त्यांना दवाखान्यात नेलं. त्या परत आल्या नाहीत.

"वाच म्हणून सांगायची लाज वाटते रे," काका म्हणाले. "वाटायचं, कुणीतरी वाचेल, रंगेल, आणि आपणहून म्हणेल, काका, हे ऐका."

रविवारी पुस्तक घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. चौथा अंक अकरा पानांचा आहे. त्यातली दोन पानं कसरीने खाल्ली आहेत, हे मला तिथे, त्यांच्यासमोर कळलं. मी थांबलो आणि त्यांना तसं सांगितलं. डोळे चांगले असताना कितीदा तरी वाचलेली तेवढी दोन पानं काकांनी पाठ म्हटली आणि मला पुढे वाचायला सांगितलं.

पाचवा अंक शाबूत आहे. घरी येऊन मी तपासला.