जुळ्या गावाची सोडचिठ्ठी

“या वर्षी येऊ नका” एवढंच फोनवर सांगायचं होतं. पण रीतीप्रमाणे ते फ्रेंचमध्ये सांगायचं होतं, म्हणून काम लायनेल बॅगशॉच्या गळ्यात पडलं. अख्ख्या साल्टहॅममध्ये फ्रेंच येणारा तो एकटाच, असा गावाचा समज होता आणि तो समज लायनेलनेच करून दिला होता. दरवर्षी मे महिन्यात कोर्बव्हिलहून पाहुणे आले की टाउन हॉलच्या पायऱ्यांवर उभा राहून तो फ्रेंचमध्ये स्वागताचं भाषण ठोकत असे. भाषण दरवर्षी तेच. शाळेतल्या एका बाईंनी कधीकाळी लिहून दिलेलं, त्याने घोकून पाठ केलेलं. बाई वारल्या, भाषण राहिलं.

कोर्बव्हिल हे इंग्लंडमधल्या साल्टहॅमचं फ्रान्समधलं जुळं गाव, मैत्रीचा करार करून जोडलेलं. दर मे महिन्यात तिकडचे लोक इकडे येत, दोन दिवस घराघरांत राहत, जेवत, बँड वाजवत. पुढे शरद ऋतूत इकडचे लोक तिकडे जात. वेशीवरच्या पाटीवरही साल्टहॅमच्या नावाखाली कोर्बव्हिलचं नाव होतं. यात कुणाला कधी काही गैर वाटलं नव्हतं.

मग ते मतदान झालं. युरोपीय संघातून बाहेर पडायचं का, असं देशाने विचारलं आणि साल्टहॅमने दणदणीत ‘हो’ म्हणून सांगितलं. पण देश काही बाहेर पडेना. दर आठवड्याला लंडनमध्ये कुणीतरी राजीनामा देई, कुणीतरी मुदत वाढवा म्हणे. साल्टहॅमला कशातून तरी ताबडतोब बाहेर पडायचं होतं आणि हाताशी कोर्बव्हिलच होतं.

कोर्बव्हिलशी नातं तोडायचा ठराव मांडला डेरेक हॉब्जने. डेरेकचं नळ आणि बाथरूमच्या सामानाचं दुकान होतं आणि नगर परिषदेत बहुमत होतं.

“लोकांनी कौल दिलाय,” तो म्हणाला. “मोठ्यांना जमत नसेल तर आपण लहानांनी करून दाखवू.”

ठराव एकमताने मंजूर झाला. परिषदेचा सभासद म्हणून लायनेलनेही हात वर केला. त्याने मतदानातही बाहेर पडायच्या बाजूने मत दिलं होतं. आता हात खाली ठेवायचा तर कारण द्यावं लागलं असतं.

घरी मात्र हात वर करून भागणारं नव्हतं. त्याची बायको मॉइरा हिने राहायच्या बाजूने मत दिलं होतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एकाच कपाचा चहा केला. भांडण झालं नाही. त्यांच्या घरात भांडण कधी होतच नसे; निकालापासून चहा मात्र ज्याने त्याने आपापला करायचा, एवढं ठरून गेलं. त्यातून कोर्बव्हिलच्या समितीची अध्यक्ष ओडिल ही मॉइराची जिवाभावाची मैत्रीण. मॉइराचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा ती स्वतःचं औषधांचं दुकान बहिणीवर टाकून आली होती आणि तीन आठवडे मॉइराच्या उशाशी बसली होती. लायनेल तेव्हा दवाखान्याच्या गाडीतळावर बसत असे. आत गेलं की त्याला घेरी येई.

“ओडिलला तू कळवतेस का?” त्याने भीतभीत विचारलं.

“हात कोणी वर केला होता?” मॉइरा म्हणाली. “तूच सांग. फोनवर, तुझ्या त्या सुप्रसिद्ध फ्रेंचमध्ये.”

लायनेलने शब्दकोश काढला. वाक्य अगदी छोटं तयार केलं: ‘यंदा पाहुणे आता नकोत.’ यातल्या ‘आता नको’साठी फ्रेंचमध्ये एक छोटासा शब्द आहे. त्याचा उच्चार ‘प्लू’. पण तोच शब्द शेवटचा ‘स’ वाजवून ‘प्लूस’ म्हटला की अर्थ होतो ‘आणखी’. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. लायनेल इमानदार माणूस. समोर लिहिलेलं एकही अक्षर तो वाया घालवत नसे.

“यंदा पाहुणे प्लूस!” तो फोनमध्ये म्हणाला.

“प्लूस?” पलीकडून ओडिलने विचारलं.

“प्लूस, प्लूस!” लायनेल ठामपणे म्हणाला. एकदा वाईट बातमी द्यायची म्हटल्यावर मोघम बोलण्यात अर्थ नव्हता.

“किती?” तिने विचारलं.

ठरावाच्या बाजूने किती जण होते असं ती विचारतेय, असं लायनेलला वाटलं. “सगळे,” त्याने खिन्नपणे सांगितलं. “सगळेच्या सगळे.”

मग ओडिल नाक ओढत “मेर्सी” म्हणाली आणि फोन ठेवला.

“काय म्हणाली?” स्वयंपाकघराच्या दारातून मॉइराने विचारलं.

“आभार मानले.”

“रडत होती?”

“थोडी, असं वाटलं.”

मॉइराने गॅस बंद केला आणि ती वर निघून गेली. त्या रात्री लायनेलने गार पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी स्वतःच भरली आणि तीही गळकी निघाली.

मे महिना उजाडला. पाटीवरच्या कोर्बव्हिलच्या नावावर परिषदेने करडा रंग फासला. तो भाग दुरून खरूज झाल्यासारखा दिसे. नेहमी ज्या शनिवारी पाहुणे येत त्या शनिवारी डेरेकने टाउन हॉलमध्ये सभा ठेवली: ‘अजून बाहेर का पडलो नाही?’ सगळीकडे झेंडे लावले, सॉसेज रोल मांडले, खुर्च्या मांडल्या. समुद्रावरून आडवा पाऊस येत होता. सभेला नऊ माणसं आली. त्यांतली दोन पावसापासून आडोशाला आली होती आणि डेरेकचा पक्ष फुटल्यामुळे उरलेली सातही दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसली होती.

तेवढ्यात बाहेर एक बस थांबली. मग दुसरी, तिसरी. दारातून ओल्या छत्र्या आत येऊ लागल्या. छत्र्यांमागून म्हातारे, म्हाताऱ्या, मुलं, पोटाशी पितळी बाजे धरलेला बँड. पाहतापाहता हॉल भरला. लोक भिंतीला टेकून उभे राहिले. झेंडे पाहून त्यांनी टाळ्या वाजवल्या. सॉसेज रोल पाहून आणखी टाळ्या वाजवल्या.

डेरेकचे डोळे भरून आले. “एवढी माणसं!” तो शेजारच्याला म्हणाला. “आणि आपण म्हणतो, लोकांचा उत्साह ओसरला!”

त्याने माइक हातात घेतला आणि परदेशी जोखडातून सुटण्यावर असं भाषण केलं की आयुष्यात तसं कधी जमलं नव्हतं. तो श्वास घ्यायला थांबला की हॉल टाळ्यांनी दणाणे. दोनदा बँडही वाजला. मागच्या दाराशी उभा असलेला लायनेल पांढराफटक पडला होता. पहिल्या रांगेत ओडिल बसली होती आणि ती त्याला हात करत होती.

“लायनेल,” मॉइरा त्याच्या कानाशी म्हणाली, “तू तिला नेमकं काय सांगितलंस?”

त्याने सांगितलं. स्वतःशी शंभरदा म्हटलेलं ते वाक्य त्याने शब्दशः म्हणून दाखवलं.

मॉइराने हॉलभर नजर फिरवत डोकी मोजली. “तू त्यांना आणखी माणसं घेऊन या म्हणालास. किती विचारल्यावर सगळे म्हणालास.”

“मग आता?”

“आता काय! अंथरुणं काढ.”

संध्याकाळपर्यंत साऱ्या गावात बातमी झाली. शिव्या घालायला कुणाला सवडच मिळाली नाही. मासेवाल्या बाईने ‘माझा जाँ-लूक आलाय का?’ म्हणून हॉलवर फोन केला आणि आला म्हटल्यावर स्वतः त्याला न्यायला आली. ज्यांच्या खिडक्यांत अजून ‘बाहेर पडा’चे फलक होते त्यांनी ते हळूच काढून सोफ्यामागे सरकवले आणि सोफ्यावर चादरी घातल्या. डेरेकच्या वाट्याला बँडातले दोन ट्राँबोनवाले आले. लायनेलकडे ओडिल धरून आठ जण होते. तो स्वतः न्हाणीघरात, टबात उशी घालून झोपला.

पहाटे खालून आवाज आला म्हणून तो जिना उतरला. मॉइरा आणि ओडिल स्वयंपाकघरात बसल्या होत्या. टेबलावर किटली होती. त्याला आत जावंसं वाटलं, पण पायजम्यात जायची लाज वाटली.

रविवारी दुपारी हॉलमध्ये निरोपाचं जेवण होतं. रोस्ट मटण, बटाटे, वाटाणे. गावातल्या बायकांनी आपापल्या ओव्हनमधून आणलेलं.

“आज खरं सांगून टाक,” मॉइरा लायनेलला म्हणाली. “इंग्लिशमध्ये. एवढी माणसं प्रेमाने आली आहेत. आपण त्यांना फसवून घरी पाठवायचं का?”

लायनेल उठला. चमच्याने ग्लास वाजवला. “मित्रहो,” तो म्हणाला आणि तिथेच अडला. तेवढ्या फटीत ओडिल उठून उभी राहिली.

“मस्ये बॅगशॉ, क्षमा करा. आधी मला बोलू द्या, नाहीतर मला पुन्हा धीर होणार नाही.” तिचं इंग्लिश सावकाश आणि स्वच्छ होतं. “जानेवारीत आमच्या परिषदेने ठराव केला. तुमच्या गावाशी असलेलं नातं संपवायचा. तुम्ही जाणार, उद्या आमच्या मुलांना इथे यायला पासपोर्ट लागणार. नवे महापौर म्हणतात, पोर्तुगालमध्ये एक छान गाव आहे. तिथे ऊन असतं.” तिने रुमाल काढला. “हे मी फोन करून कळवणार होते. रोज उद्यावर ढकलत होते. आणि तेवढ्यात तुमचाच फोन आला. आणखी पाहुणे आणा म्हणालात! सगळे या म्हणालात! मला रडू आवरेना. मी गावात सांगितलं, हे अशा माणसांना फोनवर सांगायचं नाही. सगळ्यांनी जाऊन तोंडावर सांगायचं. म्हणून आम्ही आलो.”

हॉलमध्ये सगळ्यांनी काटेचमचे खाली ठेवले.

पहिला उठला तो डेरेक हॉब्ज. त्याचा चेहरा बीटासारखा लाल झाला होता.

“म्हणजे तुम्ही आम्हाला सोडताय?”

“आम्हाला फार वाईट वाटतं, मस्ये.”

“वाईट वाटून काय उपयोग? इतक्या वर्षांचे संबंध! निदान विचारायचं तरी! असं एका बाजूने ठरवून टाकतात का कधी?”

“बरोबर आहे!” मासेवाली बाई ओरडली. “पोर्तुगाल! जाँ-लूक, तू काल माझी अख्खी ‘ॲपल पाय’ खाल्लीस आणि एका शब्दाने बोलला नाहीस!”

जाँ-लूकने मान खाली घातली. सगळं गाव दुखावलं गेलं होतं. लायनेलने डेरेकची बाही ओढून त्याला बाजूला घेतलं.

“डेरेक, अरे, आपणही तोच ठराव केलाय.”

“तो आपला आपल्यात केलेला ठराव होता.”

“अरे, पण आपण त्यांच्याही आधी—”

“ते वेगळं!” डेरेकने डोळे पुसले. “आपण सोडत होतो. कुणी आपल्याला टाकत नव्हतं. सोमवारी निषेधाचा ठराव मांडतो. तू तो फ्रेंचमध्ये कर.”

“मी नाही,” लायनेल म्हणाला. अनेक वर्षांत पहिल्यांदाच तो डेरेकला नाही म्हणाला होता. पण डेरेक तोवर आपल्या ट्राँबोनवाल्यांना जाब विचारायला गेला होता.

बसगाड्या निघायची वेळ झाली. कुणी भांडत नव्हतं, कुणी हसतही नव्हतं. पाहुणे छत्र्या मिटून एकेक करून बसमध्ये चढत होते आणि गावकरी पावसात उभे राहून त्यांच्या हातांत उरलेल्या मटणाचे डबे देत होते. लायनेल ओडिलला शोधू लागला. काहीतरी चांगलं बोलावं, निदान माफी मागावी असं त्याला वाटत होतं. ती दुसऱ्या बसमध्ये खिडकीशी बसलेली दिसली. तिच्या शेजारची जागा रिकामी होती आणि त्या जागेवर मॉइराची निळी बॅग होती.

मॉइरा बसच्या पायरीवर उभी होती. अंगात रेनकोट, डोक्याला स्कार्फ.

“तू कुठे निघालीस?” लायनेलने विचारलं.

“ओडिलकडे.”

“का?”

“ती माझ्या उशाशी बसली होती तेव्हा तिने का म्हणून विचारलं नव्हतं.”

लायनेलच्या चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. आपण काहीतरी म्हणायला हवं, आज नाही म्हटलं तर फार उशीर होईल, हे त्याला कळत होतं. जे तोंडातून निघालं ते भलतंच निघालं.

“आणि माझ्या जेवणाचं काय?”

“फ्रीजमध्ये आहे काहीबाही.”

“परत कधी येशील?”

चालकाने इंजिन सुरू केलं. मॉइरा एक पायरी वर चढली, वळली आणि बऱ्याच महिन्यांनी नवऱ्याकडे नीट बघून म्हणाली,

“आधी मला बाहेर पडू दे, लायनेल. बाकीच्या अटी मागाहून ठरवू.”