छत्रीखालचा जोड

"म्हणा, नाही."

"नाही."

"हे नाही म्हणणं झालं की परवानगी मागणं? जरा ठणकावून म्हणा."

चालेलसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि ठणकावून "नाही" म्हटले.

"आता कसं," बायको म्हणाली. "बरं, शेवटचं बिस्किट मी खाल्लं तर चालेल ना?"

"चालेल," साहेब म्हणाले आणि बायकोने कपाळाला हात लावला.

चालेलसाहेब हे काही त्यांचे पाळण्यातले नाव नव्हते. गॅसची पाइपलाइन टाकण्याच्या कामावर ते तपासनीस होते. पाइपांचे वेल्डिंग पक्के झाले आहे का, गंज लागू नये म्हणून जोडांवर चढवलेला रंग सगळीकडे नीट बसला आहे का, हे पाहायचे आणि पास किंवा नापास म्हणायचे, एवढे त्यांचे काम. नजर तयार होती, यंत्रे चोख होती. घोडे अडत होते ते जिभेपाशी. समोरच्याने तोंड बारीक करून "साहेब, चालेल ना?" असे विचारले की यांच्या तोंडून "चालेल" निसटलेच म्हणून समजा. मागच्या आठवड्यात असाच चालवून घेतलेला एक जोड पाण्याच्या चाचणीत गळला. पाणी होते म्हणून निभावले, गॅस असता तर काय झाले असते या विचाराने साहेबांची झोप उडाली होती, कारण लाइन एका शाळेच्या मागच्या भिंतीला लागून जात होती. त्यात मोठे साहेब भयंकर भडकले होते. म्हणून ही सकाळची शिकवणी.

शिकवणीचा थोडा गुण आलाही. कामावर पोचल्या पोचल्या त्यांनी चराच्या काठावर, लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेल्या पाइपवरून ठिणगीचे यंत्र फिरवले. रंगात टाचणीएवढे जरी भोक राहिले असले तरी ते यंत्र तिथे चिरकते. एका जोडाच्या माथ्यावर ते चिरकले. रंगकाम करणाऱ्या ताईंनी "एवढंसं तर आहे साहेब" म्हणून पाहिले, पण साहेबांनी डोळे मिटून घेतले आणि तिथे पुन्हा जाड थर द्यायला लावला. ताईंनी निमूटपणे थर दिला आणि ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून शेजारी छत्री रोवून ठेवली.

तेवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन आला.

"मी निघालोय तिकडे यायला. आज तुम्ही पास केलेला एक जरी जोड कच्चा निघाला, तर उद्यापासून घरी बसा. कळलं?"

"कळलं साहेब."

पण एवढ्यावर भागले नाही. मागच्या आठवड्याचा जोड, त्याच्या आधीचा जोड, आधीच्या कामावरचे जोड, सगळे उगाळून झाले. ऊन मी म्हणत होते आणि समोर छत्रीची गार सावली होती. फोन कानाला लावून चालेलसाहेब सावलीत गेले आणि पाइपवर टेकले. पाइपवर बसायचे नाही हा नियम त्यांचाच होता, आणि ती छत्री माणसासाठी नाही हेही त्यांना ठाऊक होते. पण नोकरी जायची पाळी आली की सावली कोणाची, हे माणसाच्या लक्षात राहत नाही.

बऱ्याच वेळाने फोन संपला. साहेब उठले. पँट उठली नाही.

त्यांनी डावीकडे कलून पाहिले, उजवीकडे कलून पाहिले. खालून नुसता चर्र असा आवाज आला. जोर लावावा तर पँट फाटणार, आणि पँट टिकली तर रंगाचा थर मुळासकट निघून येणार. तपासनीसानेच बूड टेकून जोड बिघडवला हे मोठ्या साहेबांना कळले की संपलेच. पँट इथेच ठेवून निघावे तर सगळी टोळी समोर, त्यात ताई उभ्या.

"साहेब, पाइप चरात सोडू ना?" क्रेनवाल्याने वरून विचारले. "चालेल?"

साहेबांचे उत्तर आजवर इतके ठरलेले होते, की ते ऐकायला थांबण्याची त्याला कधी गरजच पडली नव्हती. छत्रीआडचे साहेब पाइपवर बसलेत हे न दिसल्याने त्याने दांडा ओढला. पाइपला बांधलेले पट्टे ताणले गेले, पाइप ठोकळ्यांवरून वर उचलला गेला आणि त्याच्याबरोबर चालेलसाहेबही. त्यांचे बूट जमिनीवरून सुटले. खाली माणूस उभा गडप होईल एवढा चर होता.

"नाही! खाली ठेव!"

पाइप परत ठोकळ्यांवर आला. क्रेनवाल्याने इंजिनच बंद केले. साहेबांच्या तोंडून 'नाही' ऐकून तो इतका हादरला होता, की त्याने डोक्यावरचे हेल्मेट काढून हातात घेतले.

टोळीत कुजबुज सुरू झाली. वेल्डर हात पुसत पुढे आला.

"साहेब, काही झालंय का?"

"काही नाही. बसलोय."

"ते दिसतंय साहेब. पण तुम्ही तर आम्हाला पाइपला हातसुद्धा लावू देत नाही."

वळता येत नव्हते, म्हणून साहेब समोर बघत राहिले. समोर लांबवर शाळेची भिंत होती आणि तिच्या अलीकडे आधीच पास झालेले काही जोड. वेल्डरने त्यांच्या नजरेच्या रोखाने पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" त्याने हळूच विचारले.

मग स्वतःच सांगून टाकले.

"चूक झाली साहेब. तो भिंतीजवळचा शेवटचा जोड. त्या दिवशी वारा फार होता, वेल्डिंग नीट बसलं नाही. वेल्डिंग आतून तपासायला एक्स-रेवाला आला तेव्हा त्याला शेजारचाच जोड दोनदा दाखवला. ह्याचा एक्स-रे काढलाच नाही."

चालेलसाहेब क्षणभर आपण चिकटलो आहोत हेही विसरले. त्या जोडावर पासचा शिक्का त्यांनीच मारला होता. भिंतीपलीकडून पोरांचा गलका ऐकू येत होता. त्यांना स्वतःची आणि वेल्डरची, दोघांचीही मनापासून चीड आली.

"तो कापून काढ," ते म्हणाले.

"नुसता परत एक्स-रे काढला तर चालेल ना, साहेब?"

"नाही."

हे 'नाही' कोणी पाठ करून घेतलेले नव्हते आणि क्रेनच्या भीतीनेही आलेले नव्हते. वेल्डरने मान खाली घातली आणि तो कटिंगचे सामान आणायला गेला.

आता ताई पुढे आल्या. मघापासून त्या लांब उभ्या राहून पदराचे टोक पिळत होत्या.

"साहेब, एकदाचं काय ते बोला. असं छळू नका."

"मी कुठे छळतोय?"

"नेमके माझ्या पॅचवर येऊन बसलाय, वर मलाच विचारताय? सांगते. कालपासून रंग घट्ट करणारं हार्डनर पुरत नव्हतं. नवा डबा यायला उशीर होता, काम थांबलं तर बोलणी मला बसतात. मी निम्मंच मिसळलं. वरून साय धरते, बोट लावलं तर वाळल्यासारखं वाटतं. आत कच्चंच राहतं. ते कधीच वाळायचं नाही."

"कधीच नाही?" साहेबांच्या आवाजात इतका आनंद होता की ताई गोंधळल्या. "म्हणजे निघेल?"

"काय निघेल?"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिले. "ताई, मी तुम्हाला पकडायला बसलो नव्हतो," ते पुटपुटले. "मला उठताच येत नाहीये."

ताईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा खाली पाहिले. मग काही न बोलता पत्र्याची पट्टी आणली आणि कडेकडेने खरवडायला सुरुवात केली. मोठ्या साहेबांची गाडी धुरळा उडवत येऊन थांबली, त्याच क्षणी चालेलसाहेब चपचप असा आवाज करत मोकळे झाले.

त्यांनी जाऊन सरळ सांगून टाकले. एक्स-रे न काढलेला शाळेजवळचा एक जोड कापायचा, आणि काल-आजचे सगळे रंगकाम खरवडून पुन्हा करायचे.

"एक्स-रेचं पटलं," मोठे साहेब म्हणाले. "पण सगळा रंग? कशावरून?"

चालेलसाहेब वळले आणि त्यांनी पाठ दाखवली. पँटच्या मागे हिरवेगार ठसे उमटले होते.

"हे तर आजचंच. ओल्या रंगावर तुम्ही बसलात," मोठे साहेब कडाडले, "आणि आपलं झाकायला माझं अख्खं काम नापास करताय?"

"आज लावलेलं एव्हाना धरायला हवं होतं साहेब. कालचंही असंच निघेल. ताईंनी..."

"ताईंना मध्ये आणू नका." मोठे साहेब शेजारच्या, काल रंगवलेल्या जोडाशी गेले. अंगठा दाबून पाहिला. "ठणठणीत वाळलाय. बघा, मी स्वतः बसून दाखवतो."

"नको साहेब."

"का? खोटं उघडं पडेल म्हणून?"

आणि ते बसले. चांगले ऐसपैस बसले, हाताची घडी घातली आणि तिथूनच झाडाझडती सुरू केली. आपल्या जबाबदारीची जाणीव नसलेली माणसे, त्यांच्यापायी होणारा उशीर, त्या उशिरापायी आपल्याला वरून खावी लागणारी बोलणी, सगळे सविस्तर झाले. चालेलसाहेब मान खाली घालून ऐकत राहिले. त्यांना रडू यायचेच बाकी होते, कारण आज पहिल्यांदाच ते खरे बोलत होते.

"तेव्हा उद्यापासून तुम्ही येऊ नका," मोठ्या साहेबांनी समारोप केला आणि ते उठायला गेले.

मोठ्या साहेबांनी डावीकडे कलून पाहिले. उजवीकडे कलून पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग ओसरत ओसरत कुठल्या कुठे गेला. शेवटी त्यांनी बोटाने खूण करून चालेलसाहेबांना जवळ बोलावले.

"हा एवढा जोड सोडून बाकीचे नापास करा," ते कानात म्हणाले. "म्हणजे लोक इकडे यायचे नाहीत."

चालेलसाहेबांनी खिशातून खडू काढला. "तसं नाही करता येणार साहेब," असे म्हणत त्यांनी मोठ्या साहेबांच्या मांडीला लागूनच पाइपवर एक ठसठशीत फुली मारली.

मोठे साहेब त्या फुलीकडे बघत राहिले.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "उद्या जरा लवकर या. आणि आता त्या ताईंना हाक मारा."